विश्लेषण : एका बटणात दहा कामे... शॉर्टकटमागची कल्पना रुजवणाऱ्या ग्रेस हॉपर कोण होत्या?

भाजीच्या गाडीवर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन केला की पेमेंटचे ॲप आपोआप उघडते आणि पैसे कोणाला द्यायचे ते नावही भरलेले असते. फोनच्या पडद्यावरचे एक बटण दाबले की लोकेशन घरच्यांना जाते, नकाशा उघडतो आणि गाणी सुरू होतात. एकदा नीट लिहून ठेवलेले काम पुन्हा पुन्हा हाताने करायचे नाही, त्याला नाव द्यायचे आणि त्या नावाने हाक मारायची, ही यामागची कल्पना. ती फोनपेक्षा खूप जुनी आहे. सुमारे ७५ वर्षांपूर्वी अमेरिकी नौदलातील गणिताच्या एका प्राध्यापिकेने ती संगणकात उतरवली, तेव्हा अनेक तज्ज्ञांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. ग्रेस हॉपर यांच्या आयुष्याचा आणि त्या कल्पनेच्या प्रवासाचा हा आढावा.

ॲप-लिंक आणि शॉर्टकट म्हणजे नेमके काय?

साधी लिंक आपल्याला एखाद्या संकेतस्थळावर नेते. ॲप-लिंक मात्र ॲपच्या आतल्या ठरावीक जागी नेते आणि सोबत माहितीही घेऊन जाते. दुकानातल्या यूपीआय क्यूआर कोडमध्ये अशीच एक लिंक दडलेली असते. दुकानदाराचा यूपीआय पत्ता, नाव आणि कधी कधी रक्कमही तिच्यात लिहिलेली असते. शॉर्टकट हा त्याच्या पुढचा टप्पा. अनेक सूचना क्रमाने मांडून त्या एका नावाखाली किंवा एका बटणामागे ठेवायच्या. बटण दाबणाऱ्याला आतल्या पायऱ्या ठाऊक असण्याची गरज नसते. संगणकाच्या भाषेत अशा तयार तुकड्याला सबरूटीन म्हणतात. हे तुकडे यंत्रानेच शोधावेत आणि यंत्रानेच जोडावेत, हा आग्रह हॉपर यांनी धरला.

बालपण आणि शिक्षण कसे झाले?

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी त्यांनी ते उघडले. परत जोडता येईना म्हणून दुसरे उघडले, मग तिसरे. घरातली सात घड्याळे सुटी झाल्यावर आईच्या लक्षात आले. आईने घड्याळे उघडण्यावर बंदी घातली नाही, एकच घड्याळ खेळायला दिले. व्हासार महाविद्यालयातून गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन त्या १९२८ मध्ये पदवीधर झाल्या. १९३४ मध्ये येल विद्यापीठाने त्यांना गणितातील पीएचडी दिली. त्या काळी हा मान मिळवणाऱ्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी विवाह झाला. व्हासारमध्येच त्या गणित शिकवू लागल्या. प्राध्यापकी, घर, सुटी असे आयुष्य ठरल्यासारखे दिसत होते.

प्राध्यापिका नौदलात कशा पोहोचल्या?

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. हॉपर यांचे पणजोबा नौदलात ॲडमिरल होते. आपणही नौदलातच जायचे, असे त्यांनी ठरवले. पण वय ३५ च्या घरात, वजन नियमापेक्षा सुमारे सात किलो कमी आणि गणिताचे प्राध्यापक म्हणून नागरी कामच अधिक मोलाचे, अशी तीन कारणे त्यांच्या आड आली. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. वजनाच्या अटीतून सूट मिळवली, महाविद्यालयाकडून रजा घेतली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या राखीव दलातील महिला विभागात प्रवेश मिळवला. प्रशिक्षणात त्या पहिल्या आल्या. १९४४ च्या उन्हाळ्यात हार्वर्ड विद्यापीठातील एका तळघरात त्यांची नेमणूक झाली. तिथे हॉवर्ड एकेन यांच्या देखरेखीखाली मार्क-वन नावाचे यंत्र चालू होते.

मार्क-वन हे यंत्र कसे होते?

५१ फूट लांब, आठ फूट उंच. त्यात साडेसात लाखांहून अधिक सुटे भाग आणि शेकडो मैल लांबीच्या तारा. वेग मात्र आजच्या मानाने गमतीचा होता. एका सेकंदात तीन बेरजा होत आणि एका गुणाकाराला सुमारे सहा सेकंद लागत. सूचना कागदी पट्टीवर भोके पाडून द्याव्या लागत. प्रत्येक ओळीत २४ भोकांची जागा असे. आकडा कुठून घ्यायचा, कुठे ठेवायचा आणि त्याचे काय करायचे, एवढेच त्यात सांगता येई. तीच कृती पुन्हा पुन्हा करायची असेल तर पट्टीची दोन टोके चिकटवून वळे करत. हॉपर या यंत्राच्या तिसऱ्या प्रोग्रामर. रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल हे त्यांच्या आधीचे दोघे. तोफांचे पल्ले, सुरुंग काढण्याची गणिते अशी युद्धाची कामे इथे दिवसरात्र चालत. १९४४ मध्ये गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन जे समीकरण घेऊन आले, ते अणुबॉम्बच्या स्फोटाशी संबंधित होते. या यंत्राची पाचशेहून अधिक पानांची माहितीपुस्तिका लिहिण्याचे कामही हॉपर यांच्याकडेच आले. ती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली.

शॉर्टकटचे बी कुठे पडले?

ते पडले वह्यांमध्ये. त्रिकोणमितीतील साईन काढायचे किंवा एखादे वर्गमूळ काढायचे, तर त्याच्या सूचना दर वेळी नव्याने लिहिणे वेळखाऊ होते. म्हणून हॉपर, ब्लॉक आणि कॅम्पबेल यांनी तपासून खात्री झालेले तुकडे वहीत उतरवून ठेवायला सुरुवात केली. लागेल तेव्हा एकाने दुसऱ्याची वही मागायची आणि तुकडा उतरवून घ्यायचा. पण त्यात दोन अडचणी होत्या. उतरवून घेताना माणूस चुकतो. शिवाय तुकडा नव्या जागी बसवताना त्यातले सगळे पत्ते बदलावे लागतात, म्हणजे प्रत्येक आकड्यात ठरावीक संख्या मिळवावी लागते. तिथेही माणूस चुकतो. गणितात पीएचडी मिळवलेली माणसेही नक्कल आणि बेरीज या दोन साध्या कामांत चुकतात, हे हॉपर यांनी रोज पाहिले. ही दोन्ही कामे यंत्र न कंटाळता करते, मग ती माणसाकडे का ठेवायची? या प्रश्नाचे उत्तर मिळायला आणखी काही वर्षे जावी लागली.

‘बग’ची गोष्ट खरी की दंतकथा?

दोन्ही थोडी थोडी. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क-टू या पुढच्या यंत्रात बिघाड झाला आणि एका रिलेमध्ये अडकून मेलेले पाखरू सापडले. ते नोंदवहीत चिकटपट्टीने डकवले गेले. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण ते पाखरू हॉपर यांनी स्वतः शोधले नव्हते आणि बिघाडाला बग म्हणण्याची पद्धतही त्याआधीची. एडिसन यांच्या काळापासून तंत्रज्ञ हा शब्द वापरत होते. हॉपर यांनी हा किस्सा पुढे इतक्या रंगवून सांगितला की तो त्यांच्याच नावावर जमा झाला.

युद्धानंतरचा काळ कठीण का गेला?

युद्ध संपले तेव्हा हॉपर चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. व्हासारने प्राध्यापकपद देऊ केले, पण संगणक सोडवेना म्हणून त्यांनी ते नाकारले. हार्वर्डमध्ये स्त्रीला कायम पदाची वाट जवळपास बंदच होती, त्यामुळे मुदत संपल्यावर तिथूनही बाहेर पडावे लागले. युद्धकाळातील ताण आणि नंतरचे एकटेपण यांत मद्यपान वाढले. १९४९ मध्ये फिलाडेल्फियात नशेच्या अवस्थेत त्यांना पोलिसांनी ताब्यातही घेतले होते. मित्रांनी वेळीच सावध केले. ज्या वर्षी हे घडले त्याच वर्षी त्या एकर्ट-मॉकली या लहान कंपनीत रुजू झाल्या होत्या. तिथे युनिव्हॅक या व्यापारी संगणकाची जुळणी चालू होती. कंपनी आर्थिक अडचणीत होती आणि १९५० मध्ये ती रेमिंग्टन रँडने विकत घेतली. हॉपर यांची कल्पना आकाराला आली ती याच पडझडीच्या काळात.

‘ए-झीरो’ने काय बदलले?

युनिव्हॅकमध्ये कागदाऐवजी चुंबकीय टेप होती. हॉपर यांनी वह्यांमधले तपासलेले तुकडे टेपवर चढवले आणि प्रत्येकाला एक हाकेचा क्रमांक दिला. आता प्रोग्रामरने फक्त यादी द्यायची. कोणते तुकडे, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या आकड्यांवर. टेपवरून तुकडा शोधणे, उतरवणे, पत्ते बदलणे आणि सगळे एकत्र जोडून चालणारा प्रोग्राम तयार करणे ही कामे यंत्राची. १९५१-५२ मध्ये तयार झालेल्या या प्रणालीचे नाव ए-झीरो. असे तुकडे संकलित करणारी म्हणून तिला कंपायलर म्हटले गेले. आजचा कंपायलर याहून बरेच काही करतो, पण तो शब्द इथून रूढ झाला.

वाटेत एक पेच आला. प्रोग्रामने पुढच्या एखाद्या भागाकडे उडी मारायची असेल, तर तो भाग कुठे बसणार हे यंत्राला आधी ठाऊक नसते, कारण टेप एकदाच वाचली जाते. हॉपर यांना महाविद्यालयातले बास्केटबॉल आठवले. तेव्हाच्या मुलींच्या खेळात चेंडू घेऊन धावता येत नसे. तो सहकारीकडे टाकून पुढे धावायचे आणि तिच्याकडून पुन्हा घ्यायचा. तशीच त्यांनी स्मृतीत एक कोपऱ्यातली जागा राखली. उडी आधी त्या जागी टाकायची आणि पुढचा भाग हाती आला की त्याचा पत्ता तिथे भरायचा.

तुकड्यांच्या संग्रहाची कल्पना एकट्या हॉपर यांची नव्हती. इंग्लंडमध्ये केंब्रिजला मॉरिस विल्क्स आणि सहकाऱ्यांनी त्याच सुमारास असा संग्रह उभा केला होता. हॉपर यांनी मात्र हे काम व्यापारी ग्राहकांपर्यंत नेले. १९५३ च्या अखेरीस ए-टू ही सुधारित आवृत्ती ग्राहकांना देताना तिचा मूळ मजकूरही सोबत दिला गेला आणि सुधारणा कळवण्याचे आवाहन करण्यात आले.

विरोध कोणाचा आणि का?

विरोध होता तो जाणकारांचाच. संगणक फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्राम लिहू शकत नाही, अशी समजूत होती. यंत्राने जोडलेला प्रोग्राम हाताने लिहिलेल्याइतका चपळ नसेल, ही शंका रास्तही होती, कारण यंत्राचा एकेक तास महाग होता. त्यामागे आणखी एक भावना होती. यंत्राशी बोलण्याची विद्या मोजक्यांच्या हातात होती आणि ती सोपी झाली तर त्या मोजक्यांचे महत्त्व कमी होणार होते. हॉपर यांचा हिशेब वेगळा होता. यंत्रे वाढत जाणार, स्वस्त होणार, पण प्रत्येक यंत्रासाठी तज्ज्ञ कुठून आणणार? ज्यांना काम करून घ्यायचे आहे त्या हिशेबनिसांना आणि कारखानदारांना यंत्राशी थेट बोलता आले पाहिजे.

यंत्राला माणसाची भाषा कशी आली?

गणितज्ञ चिन्हांनी विचार करतो, पण व्यापारातली माणसे शब्दांनी विचार करतात, हे हॉपर यांनी ओळखले. मालाची किंमत, शिल्लक साठा, पगार अशा गोष्टींसाठी सूचना साध्या इंग्रजी क्रियापदांत लिहिता याव्यात, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. संगणकाला इंग्रजी कळत नाही, हे उत्तर त्यांना अनेकदा ऐकावे लागले. शब्द यंत्रासाठी फक्त खुणा आहेत, त्या कोणत्याही भाषेतल्या असोत, हे पटवण्यासाठी त्यांनी छोटा प्रोग्राम इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मनमध्येही करून दाखवला. परिणाम उलटाच झाला. फिलाडेल्फियात बनलेले अमेरिकी यंत्र परकी भाषा कशी काय समजेल, म्हणून वरिष्ठ हादरले. प्रकल्प वाचवण्यासाठी फक्त इंग्रजीच वापरू, असे आश्वासन द्यावे लागले. त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा आकाराला आली आणि १९५८ च्या सुमारास ती ग्राहकांच्या हाती पडली.

आज मराठीत बोलून फोनवर गजर लावता येतो, शॉर्टकटला घरी निघालो असे मराठी नाव देता येते. यंत्राला त्या नावाचा अर्थ कळण्याची गरज नसते. ते नाव कोणत्या सूचनांकडे बोट दाखवते, एवढे कळले की पुरे. वरिष्ठांना न पटलेला मुद्दा हाच होता.

हॉपर यांना कोबोलची जननी म्हणणे योग्य आहे का?

अंशतः. १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने उत्पादक आणि वापरकर्ते एकत्र आले. प्रत्येक कंपनीच्या यंत्रासाठी वेगळा प्रोग्राम लिहिणे परवडत नव्हते, म्हणून व्यापारी कामासाठी सामाईक भाषा ठरवायची होती. ती भाषा म्हणजे कोबोल. तिचा आराखडा एका समितीने तयार केला आणि त्यात जीन सॅमेट यांच्यासह अनेकांचा वाटा होता. हॉपर सल्लागार होत्या, पण भाषेचा पाया प्रामुख्याने फ्लो-मॅटिकचा होता. डिसेंबर १९६० मध्ये कोबोलमधला एकच प्रोग्राम जवळपास जसाच्या तसा आरसीए आणि युनिव्हॅक या दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आला. एकदा लिहिलेले काम कुठेही चालावे, ही अपेक्षा तेव्हा पूर्ण झाली.

निवृत्तीनंतर नौदलाने पुन्हा का बोलावले?

१९६६ अखेर वयाच्या साठीत हॉपर यांना राखीव दलातून निवृत्त करण्यात आले. जेमतेम सात महिन्यांनी त्यांना परत बोलावणे आले. नौदलात ठिकठिकाणी कोबोलची वेगवेगळी रूपे वापरात होती आणि एका ठिकाणचा प्रोग्राम दुसरीकडे चालत नव्हता. सहा महिन्यांसाठी म्हणून दिलेले काम जवळपास दोन दशके चालले. त्यांच्या गटाने कंपायलर प्रमाणाप्रमाणे आहे की नाही हे तपासणाऱ्या चाचण्या तयार केल्या. या काळात त्या देशभर व्याख्याने देत. सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या तारेचे तुकडे श्रोत्यांना वाटत, कारण एका नॅनोसेकंदात प्रकाश जास्तीत जास्त तेवढाच जातो. उपग्रहामार्फत निरोपाला वेळ का लागतो, हे सेनाधिकाऱ्यांना त्या या तारेवरून समजावत. त्यांच्या कार्यालयातील भिंतीवरचे घड्याळ उलटे फिरत असे. आजवर असेच चालत आले आहे, या सबबीला त्यांचे ते उत्तर होते. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, बॉस्टनमधील कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक जहाजावर त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. तेव्हा त्या नौदलातील सर्वांत ज्येष्ठ कार्यरत अधिकारी होत्या. पुढे डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचे दफन झाले. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर अध्यक्षीय स्वातंत्र्य पदक देण्यात आले.

साठवलेले काम चुकीचे असेल तर?

या कल्पनेची दुसरी बाजू त्यांच्या निधनानंतर ठळक झाली. एकदा लिहिलेला तुकडा वर्षानुवर्षे वापरला जातो, तशी त्यातली चूकही वापरली जाते. जुन्या काळी स्मृती महाग असल्याने कोबोलमधल्या असंख्य प्रोग्राममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिले जाई. २००० साल आले की ते १९०० समजले जाण्याचा धोका होता. हाच तो वाय-टू-के. जगभरच्या बँका आणि विमा कंपन्यांचे जुने प्रोग्राम तपासण्याचे प्रचंड काम भारतीय कंपन्यांकडे आले. मुंबई-पुण्यातल्या अनेक अभियंत्यांचे परदेशातले पहिले काम कोबोलवरचेच होते. आजही अनेक बँकांच्या मुळाशी कोबोल आहे. २०२० मध्ये करोनाकाळात बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांचा भार वाढला, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांना मदतीसाठी जाहीर हाक द्यावी लागली. लिहिणारे निघून गेले होते, तुकडे मात्र चालूच होते.

आजच्या वापरकर्त्याने यातून काय घ्यावे?

रोज त्याच त्या पायऱ्या करत असाल, तर ते काम फोनकडे सोपवण्याजोगे आहे. आयफोनमधील शॉर्टकट्स ॲपमध्ये किंवा अँड्रॉइडमधील रूटीनमध्ये ते एकदा नीट मांडावे, दोन-चार वेळा तपासावे आणि मगच बटण करून पडद्यावर ठेवावे. हॉपर यांच्या वहीतही तपासलेलाच तुकडा जाई. दुसऱ्याने बनवलेला शॉर्टकट घेताना तो उघडून आतल्या पायऱ्या पाहाव्यात. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर भरून आलेले नाव आणि रक्कम वाचावी. पैसे मिळवण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, हे लक्षात ठेवावे. नक्कल आणि बेरीज यंत्राकडे देऊन माणसाने विचाराचे काम स्वतःकडे ठेवावे, एवढाच हॉपर यांचा आग्रह होता. बटण दाबण्याआधी ते काय करणार आहे हे पाहणे, हे त्या विचाराच्या कामातच मोडते.